थर्मासातून भाचरं नेता येत नाहीत

"हॅलो?… हो, मीच… दादा? खालच्या रिसेप्शनच्या फोनवरून का बोलतोयस?… मोबाइल बंद ठेवलायस. वहिनीचे फोन येतात म्हणून. बरं. लग्नाला चार वर्षं झाली, हा उपाय आत्ता सुचला?"

वरच्या मजल्यावरच्या प्रयोगशाळेत धाकटी टोपी-मास्क लावून उभी होती. माणसाची सुरुवात होते त्या काचेच्या बश्यांवर नजर ठेवणं हे तिचं काम. फोन भिंतीवरचा, वायर आखूड, त्यामुळे हालचाल फक्त भुवयांची.

"हातात काय आहे?… थर्मास. चहाचा?… रिकामा, धुऊन आणलेला. छान. कशासाठी?"

भुवया टोपीत शिरल्या.

"थांब. संध्याकाळचं विमान. तिकडचा कोणी डॉक्टर भ्रूणाच्या जनुकांत दुरुस्ती करून देतो. म्हणून तुम्हा दोघांचे चारही भ्रूण तू थर्मासातून नेणार… हो, हो… अरे, ऐक ना… नाही, बर्फ टाकलास तरी नाही. ते द्रव नायट्रोजनात आहेत. तुझ्या थर्मासात चहा दुपारपर्यंत टिकत नाही, वंश कुठून टिकणार?… वहिनीला माहितीय?… वाटलंच."

"दादा, तू लग्नाचे फोटो सुधारतोस ना? नवरदेवाच्या गालावरचा तीळ काढायला गेलास, त्याच्याबरोबर कान गेला… हो, परत आणलास. तुझ्याकडे मागे जायचं बटण आहे. इथे नाही. त्या डॉक्टरची कात्री जनुकात भलत्या जागी चालली, तर कळणार कधी? पोर शाळेत जायला लागल्यावर? आणि ती चूक तिथेच थांबत नाही रे. त्याच्या पोरांना, त्यांच्याही पोरांना… पिढ्यानपिढ्या बिनकानाचे नवरदेव."

"… नाही, हसत नाहीये. बाबांचे डोळे गेले तेव्हा मीही त्याच घरात होते… तुलाही अंधारात दिसेनासं झालंय, ठाऊक आहे. परवा जिन्यात तू मला 'नमस्कार काका' म्हणालास तेव्हाच कळलं."

तिने नाक ओढलं. मास्कच्या आत ते फारसं शोभत नाही.

"उद्या हे सुरक्षित झालं तर मीच पहिली उभी राहीन. पण त्या डॉक्टरला विचार, त्याने दुरुस्त केलेली मुलं आज कशी आहेत… अजून एकही झालं नाही? मग पहिला मान आपलाच का?… बाळ 'नको' म्हणू शकत नाही, म्हणून तर आपण दहादा विचार करायचा."

"काय? आई म्हणते, जातोच आहेस तर नाकाचंही बघ?… वहिनीच्या माहेरचं नको? बघ, डोळ्यांवरून लगेच नाकावर आलो. उद्या आत्या गणितासाठी येतील. बाळात बाळाचं काही उरू देणार का तुम्ही?"

"… आणि चारही भ्रूणांत दोष असणारच, हे तूच ठरवलंस? तपासणी कशाला केली मग?… वहिनी ओरडायला फोन करत नाहीये, येड्या. इथल्या डॉक्टरबाईंनी तिला सकाळीच निकाल कळवलाय. तिने मला सांगितलं आणि बजावलं, तुला तीच सांगणार, मी तोंड उघडायचं नाही. तेव्हापासून मास्क काढलेला नाही मी."

धाकटीने मास्क खाली ओढला.

"चारांतल्या दोघांत तो दोष नाहीच. दुरुस्त काय करणार, दादा? बिघडलेलंच नाही."

"… दादा?… रिसेप्शनच्या ताई? अहो, तुम्ही का घेतलात फोन?… थर्मासात तोंड घालून रडतोय?… असू दे, धुतलेला आहे… हां, दादा. हो, रुजेलच असं कोणी सांगू शकत नाही. पण रुजलं, तर रात्री गच्चीत तुझा हात धरून सांगेल, कुठे कोणती चांदणी आहे ते."

"… बाकीचे दोघे? त्यांच्यात आहे. म्हणजे तुझ्यासारखे… वाईट नाहीत रे. त्यांचं काय करायचं ते तुम्ही दोघं बसून ठरवा, घाई नाही. मला विचारशील तर, त्यांच्यात तू असतास, तरी मला चालला असतास."

"विमान जाऊ दे रिकामं. मोबाइल चालू कर. आणि ऐक, तुला काहीही माहीत नाही. तिने सांगितलं की दचकायचं… नको, इतकं नको. साधं दचक… चल, तालीम करू. मी वहिनी. 'अरे, ऐक, दोघं…' नाही, आत्ताच हसलास. परत. 'अरे, ऐक…' दादा, नाही जमत तुला."

धाकटीने फोन ठेवला. हसणं तरीही ऐकू येत होतं, जिन्यातून.