इनोक रॅटलिफचं मत

—थांबा, थांबा, तेवढं खोडा. 'ओकच्या झाडाला टांगलं' असंच वाचलंत ना आत्ता? ओक नव्हता तो. सिकॅमोर होता, ओढ्याकाठचा. गिडियन क्रिपच्या टाचा त्याच्या पांढऱ्या सालीवर इतक्या आपटल्या की साल सोलून निघाली, म्हणून माझ्या ध्यानात आहे. बाकी झकास लिहिलंय हो. मला अक्षर येत नाही, पण कानाला गोड लागलं. थॅक्स्टनसाहेब आता राष्ट्राध्यक्ष झाले, तर त्यांचं चरित्र पहिल्या निवडणुकीपासनंच सुरू व्हायला पाहिजे, आणि ती लढले ते ह्याच गावात. बसा ऐसपैस. मी आपला हा कुऱ्हाडीचा दांडा तासत बसतो — हात रिकामे असले की माझी जीभ अडखळते.

तुमच्या फिलाडेल्फियात म्हणे चिठ्ठी टाकतात पेटीत? गुपचूप? हां — इथं केंटकीत तसलं नाही. इथं माणसानं कचेरीत शिरायचं, न्यायाधीशासमोर उभं राहायचं आणि खणखणीत आवाजात सांगायचं, माझं मत अमक्याला. दोघं उमेदवार तिथंच शेजारी बसलेले. ज्याचं नाव निघेल त्यानं उठायचं, टोपी काढायची, वाकायचं — आभारी आहे, मिस्टर पेटिट, म्हणजे मी. म्हणजे दुसऱ्याला तिथल्या तिथं कळतं की तुम्ही त्याला लाथाडलंत, आणि बाहेर त्याची माणसं असतात. बाहेर दोन पिंपं, एक थॅक्स्टनच्या व्हिस्कीचं, एक बार्लोच्या. तीन दिवस मतदान, तीन दिवस पिंपं उघडी, ऑगस्टचं ऊन, आणि माणसं अंगठ्याची नखं वाढवून आलेली. नखं कशाला? डोळ्यांना हो. हा बघा माझा डावा. बार्लोच्या एका गाडीवानानं मला खाली पाडलं, छातीवर बसला आणि अंगठा असा खोबणीत घालून — बोर काढावं तसा. मी त्याचा कान तोडला दातानं. मग दोघं शेजारी बसून रडलो आणि त्यानंच मला त्याचा पेला दिला. व्हिस्की बार्लोची होती, पण दुखताना कोण बघतो?

तर तिसऱ्या दिवशी ऊन उतरलं तेव्हा मतं बरोबरीत. न्यायाधीश आता उठणार, तेवढ्यात माझा थोरला भाऊ जेप्था ओढ्याकडनं आला, इनोक रॅटलिफला छातीशी धरून. इनोक डोंगरावरचा, मितभाषी. तोवर मत द्यायला खाली आलाच नव्हता. बरगडीखाली भोसकलेला. पायापर्यंत रक्त, बुटात रक्त, चालताना पचक-पचक वाजत होतं. जेप्था ओरडला — बार्लोच्या लोकांनी मारला ह्याला, पण हा मत देणार! मी खिडकीतनं बघत होतो, उरलेल्या डोळ्यानं. न्यायाधीशानं विचारलं, कुणाला? आणि नाव आलं — थॅक्स्टन. एका मतानं जिंकले. साहेब उठले, टोपी काढली, वाकले, म्हणाले, आभारी आहे, मिस्टर रॅटलिफ. रक्ताचा ओघळ त्यांच्याकडे येत होता, तर वाकता वाकता त्यांनी बूट हळूच मागं घेतला. लिहिलंत? बूट नका लिहू.

मग लोक सुटले खुनी शोधत. गिडियन क्रिप बार्लोच्या जेवणावळीचा डुक्कर कापून ओढ्यावर हात धूत होता. कोपरापर्यंत लाल. त्याला बोलायला वेळच मिळाला नाही. डुकराचं आहे, डुकराचं आहे, एवढंच ओरडत होता, आणि कुणीतरी म्हणालं, मग तूही डुकरासारखाच लटक. दोर आखूड पडला, मान मोडली नाही, बराच वेळ गेला त्याला. साहेब? साहेब कचेरीच्या पायरीवर उभे राहून म्हणत होते, कायदा पाळा, मुलांनो, कायदा. असे म्हणत होते की तिसऱ्या पायरीखाली ऐकू गेलं नाही. एरवी ह्यांचा आवाज नदीपलीकडच्या गुरांना बुजवायचा.

आणि पुढचं तुम्हाला ठाऊकच आहे — आधी राज्याची विधानसभा, मग काँग्रेस, मग लढाईत सेनापती, मग गव्हर्नर. दर भाषणात इनोक. पहिल्या वर्षी इनोकला एक वार होता. काँग्रेसला उभे राहिले तेव्हा तीन झाले. ह्या वेळी ओहायोत सात सांगितले म्हणे, आणि शेवटी इनोकनं झेंड्याचं चुंबन घेतलं. आमच्या कचेरीत झेंडा कुठला! पण रडतात मात्र खरं, त्याच जागी, दर वेळी. असो. माणूस मोठा. उपकार विसरत नाहीत. जेप्थाला टपाल कचेरी दिली, वीस-बावीस वर्षं सांभाळली त्यानं, वाचता येत नव्हतं तरी.

इनोकला काय, जगता आलं असतं. ओढ्याच्या उतारावर सरळ विचारलं होतं त्याला, काय रे, कुणाला देणार? खोटं बोलला असता तर घरी गेला असता. पण डोंगरातली माणसं, त्यांना खोटं जमत नाही. हसला आणि म्हणाला, बार्लोला, थॅक्स्टननं माझ्या शेजाऱ्याची जमीन कोर्टात गिळली. असं म्हणाला आणि खोगीर सावरायला पाठ—

का थांबलात? लिहा की.

कुणी विचारलं म्हणजे? कुणीतरी विचारलं असेल. उतारावर माणसं असतात. मला कसं ठाऊक — अहो, गावात बोलतात. नाही? गावात इनोक थॅक्स्टनचाच माणूस, बरोबर. गावात तर तसंच बोलतात. हूं. फार शिकलेले आहात तुम्ही. मी आपला दांडा तासत बसायला हवं होतं नुसता.

ती लेखणी खाली ठेवा जरा. हां.

उतारावर दोघंच होते. इनोक आणि माझा थोरला. पिंपाजवळ कुणीतरी जेप्थाला म्हणालं होतं, जो उरलाय तो आपला असेल तर आण, नाहीतर येऊ देऊ नको. कोण म्हणालं ते मी ऐकलं नाही, आणि ऐकलं असतं तरी तुमच्या पुस्तकात मावलं नसतं. कचेरीत आणला तेव्हा इनोक संपला होता, बाळा. मान अशी लोंबत होती. जेप्थानं मागनं काखेत हात घालून उभा धरला, आपली हनुवटी त्याच्या खांद्यावर टेकवली, आणि नाव आलं ते जेप्थाच्या तोंडातनं. इनोकचे ओठ हलले नाहीत. मी खिडकीत होतो, मला दिसलं. साहेब हातभर अंतरावर होते. त्यांना दोन डोळे होते.

आता ऐका, हे छापू नका म्हणून मी तुम्हाला का विनवतोय ते. आत भांड्यांचा आवाज येतोय ना? ती टेम्परन्स. इनोकची पोर. बापाला नेलं तेव्हा रांगत होती, आता स्वतः आजी झाली. जेप्थाचं अर्धं अंग गेलंय, दोन हिवाळे झाले. घास गिळता येत नाही. ही रोज डोंगर उतरून येते, मक्याची पेज करते, त्याचं डोकं मांडीवर घेते आणि चमच्या-चमच्यानं भरवते. कशासाठी? ह्यानं माझ्या बापाला हातांत उचलून नेलं, काका, तो एकटा मेला नाही, म्हणते. थोरल्या मुलाचं नाव थॅक्स्टन ठेवलंय तिनं. आणि जेप्था — बुद्धी गेली, पण तो दिवस राहिला — पेज गळत असते हनुवटीवरनं आणि हा बडबडतो, बोल इनोक, नाव बोल, नाव बोल रे. ती त्याचे डोळे पुसते. म्हणते, बघा, अजून माझ्या बापासाठी झुरतोय.

तुम्ही खरं छापलंत तर साहेबांचं काय होणार? काही नाही. साहेब त्यावरही भाषण करतील. तिच्या थॅक्स्टनकडे बंदूक आहे आणि माझ्या थोरल्याला उठून पळता येत नाही, ते सोडा, तो मरायलाच टेकलाय. पण तिनं दोन वर्षं कुणाला भरवलं, ते तिला का कळावं? तिच्या हातांना काय सांगणार ती? गिडियनची बायको मुलं घेऊन तेव्हाच गेली, कुठं कुणास ठाऊक. हो, तिचाही हक्क आहे. आहे ना. मी नाही म्हणत नाही. मला रात्री तेच—

श्श्.

ये गं टेम्पी, ये. हात पुस आधी. हे साहेब फार लांबनं आलेत, राष्ट्राध्यक्षांचं पुस्तक लिहितायत, आणि तुझ्या बापाचं विचारत होते. मला कुठलं नीट आठवायला? तू सांग. बस इथं.

घ्या ती लेखणी, साहेब. ती सांगते तसं लिहा.