काटकोनातली चारी

पेशंटला धीर द्यायला लॅपटॉप उघडू नये राव, हे मी आप्पांच्या बायपासच्या वेळी शिकलो. आप्पा म्हणजे माझे वडील. पिंपळवंडीत जन्मभर पाटाला चाऱ्या फोडून शेताला पाणी दिलं त्यांनी. दुसऱ्या दिवशी ऑपरेशन, आणि हे संमतीच्या कागदावर सहीच करेनात. बायपासची नळी कुठल्या कोनात जोडली की रक्त नीट वाहतं, हे कॉम्प्युटरवर शोधणं ही माझी नोकरी. म्हटलं, दाखवावं.

घाईत फाईल उघडली ती नेमकी पहिल्या, फसलेल्या डिझाइनची. आप्पांनी पडद्यावर नळीच्या सांध्यावर बोट ठेवलं.

"इथं भवरा पडतोय. चारी काटकोनात फोडलीय. गाळ बसनार."

मी लॅपटॉप मिटला. "आप्पा, ते चुकीचं होतं."

"मंग माझ्यात कंचं बसवनार?"

तेवढ्यात सर्जन आले. आप्पांनी त्यांनाच गाठलं. "डॉक्टर, सांधा किती तिरपा काढनार?"

डॉक्टरांनी हसत तळहात तिरका करून दाखवला. आप्पा हसले नाहीत. त्यांनी तो हात धरला, आणखी जरासा कलवला आणि निरखून पाहिला.

तो कोन शोधायला माझ्या कॉम्प्युटरला तीन आठवडे लागले होते.

"हां," आप्पा म्हणाले. "आता पेन द्या."