गरज संपली

(चंद्रपूर, २००३ चा मे महिना. चार वर्षांनी अमेरिकेहून माहेरी आलेली माधवी, कारखान्यातून निवृत्त झालेले तिचे वडील बापूराव आणि धाकटा भाऊ धम्मदीप. भर दुपार. कूलर सुरू.)

बापूराव : थांब, थांब. गेट उघडलंच नाई म्हणजे?

माधवी : नाईच उघडलं, बाबा. तिथी आपलं कार्ड लावलं का दार उघडते. डोरोथीचं कार्ड त्या दिवशी लागेचना. बर्फानं ओलं झालं असन म्हणून ती बिचारी कोटाले पुसून पुसून लावत होती. मी मांगंच उभी होती.

बापूराव : हे तेच ना, मोटारीच्या सीटा शिवाचा कारखाना? तू बी तिथीच ना?

माधवी : हो. मले मशीन तिनंच शिकवली. साठीची बाई, अख्खी जिंदगी तिथी गेली तिची. गार्ड आतून खोकं घेऊन आला. तिचं स्वेटर, चष्मा, खुर्चीवरची उशी, सगळं भरून आणलं होतं. म्हणे, आत जाऊ नका.

बापूराव : नोटीस कवा देली होती?

माधवी : नाई देली.

बापूराव : चार्जशीट? चौकशी?

माधवी : तिथी कारण सांगाचीही गरज नाई, बाबा. 'तुमची गरज संपली', बस.

बापूराव : गरज संपली! अवं, माणूस हाय का रिकामा बारदाना? आमच्या कारखान्यात मायावर फोरमननं लोखंड चोरल्याचा आळ घेतला होता, तवा बी कागद हाती आला, चौकशी बसली, युनियनचा माणूस बाजूले खुर्ची टाकून बसला. आन् हे अमेरिका? ज्याच्यासाठी लोक देवाले नवस बोलतात, ते अमेरिका?

धम्मदीप : बाबा, हळू. बीपीची गोळी घेतली का?

बापूराव : गोळी राहू दे. तिनं केलं काय होतं?

माधवी : एका पोरीच्या बोटातून सुई आरपार गेली. डोरोथी साहेबाले म्हणाली, मशीनले जाळी बसवा. त्याईनं ऐकलं नाई. मंग ती जेवणाच्या सुट्टीत बायाईले म्हणाले लागली, आपण युनियन करू. दोन दिवसांनं साहेबानं साऱ्याईले हॉलमध्ये बसवलं. युनियन केली तं कारखाना मेक्सिकोले नेऊ म्हणे.

बापूराव : आन् कायदा? कायदा नाई का तिथी?

माधवी : हाय ना. युनियनसाठी काढता येत नाई, असं लिहून हाय. पण केस वरसं न् वरसं चालते. जिंकलं तरी मालकाले दंड नाई, बुडालेला पगार देला का सुटला तो. तवरी माणूस काय खाईन? आन् तिच्या नवऱ्याले कॅन्सर. दवाखान्याचा विमा तिच्या नोकरीवर होता. नोकरी गेली, विमा गेला. चालू ठेवाचा असन तं सारे पैसे आपणच भरा म्हणे. कुठून भरन?

बापूराव : बिमार माणसाचं औषध बंद? नोकरी गेली म्हणून?

माधवी : हो, बाबा.

बापूराव : बाकीच्याईनं मशिनी बंद केल्या असतीन.

माधवी : नाई.

बापूराव : एकीनं बी नाई?

माधवी : कोणी मान वर केली नाई. मी बी नाई. दिवसभर शिवत राह्यली. मंग सरकारचा माणूस आला, साक्ष कोण देते म्हणून इचाराले. मी देली.

बापूराव : शाबास! मंग?

माधवी : मंग एक दिवस मायंही कार्ड लागलं नाई.

बापूराव : म्हणजे तू... सुट्टीवर नाई आली?

माधवी : नाई, बाबा. फोनवर सांगाची हिंमत झाली नाई.

बापूराव : आमच्या इथी असं झालं असतं ना, भोंगा वाजाच्या आत गेट जाम केलं असतं आमी! बाबासाहेबांनं आठ तासाची ड्यूटी काय फुकट आणून देली का आपल्याले? सांग रे धम्मा, सांग तुया ताईले. तू तं त्याच कारखान्यात पर्मनंट हायेस.

धम्मदीप : ताई, थंड पाणी आणू का तुले?

बापूराव : पाणी काय आणतं? सांग तिले.

धम्मदीप : काय सांगू, बाबा? मी ठेकेदाराकडं आहो.

बापूराव : कोणत्या ठेकेदाराकडं? तू तं पर्मनंट झाला म्हणाला होता.

धम्मदीप : तुमी रिटायर होऊन राह्यले होते. तुमाले चैन पडावं म्हणून बोललो. सकाळी आमी गेटावर उभे राह्यतो. मुकादम बोट दाखवते, तू चल, तू चल. ज्याच्याकडं बोट आलं नाई, तो वापस. पूछनेवाला कोणी नाई.

बापूराव : आन् युनियन? मायी युनियन?

धम्मदीप : ते मस्टरवर नाव असलेल्या पर्मनंटवाल्याईची हाय. आमाले आत बसू बी देत नाई. परवा आमच्यातला सुकलू शिडीवरून पडला. पायाचं हाड बाहेर आलं. ऑटोत टाकून घरी पाठवला. अन् मुकादम म्हणे, हा आपला माणूसच नव्हता.

माधवी : धम्मा, हे तू फोनवर कधी बोलला नाई.

धम्मदीप : तू तरी बोलली का, ताई?

बापूराव : सुकलूचं घर कुठी हाय?

धम्मदीप : बाबूपेठेत. काऊन?

बापूराव : लेबर ऑफिसात अर्ज टाकाचा. मले रस्ता ठाऊक हाय. पण तो तिथी कामाले होता म्हणून कोणीतरी सांगाले पायजे. पडला तवा कोण होतं जवळ?

धम्मदीप : शिडी मीच धरली होती, बाबा.

बापूराव : मंग मुकादमाचं बोट तुयाकडं नाई याचं आता.

धम्मदीप : नाई याचं.

बापूराव : माधवी, ताट वाढ त्याले. दोन घास खाऊ दे, मंग निघतो आमी.