बाबलच्या फोनातली पार्थियन लिपी

हसणार नसाल तर सांगतो. शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झालो, तरी माझी खोड काही गेलेली नाही. इराणातली दोन हजार वर्षं जुनी पार्थियन लिपी आता फोनवरही लिहिता येते, हे कळलं आणि माझ्या अंगातच आलं. त्या लिपीत 'सर्वांना शुभ सकाळ' लिहून मी आमच्या शिरोड्यातल्या आंबेवाल्यांच्या ग्रुपवर टाकलं. त्या लिपीत स्वर लिहीत नाहीत, नुसती व्यंजनं; ती मोजून बरोबर दहा अक्षरं. माझ्या फोनवर काय देखणी दिसत होती!

तासाभरात दारात टेम्पो. आंब्याची रिकामी खोकी घरपोच करणारा बाबल खाली उतरला.

"गुरुजी, धा खोकी हाडलंय. खंय ठेवू?"

"अरे, मी कित्याक मागवू?"

त्याने फोन पुढे केला. त्याच्या फोनात ती लिपीच नव्हती, म्हणून प्रत्येक अक्षराच्या जागी एकेक रिकामा चौकोन उमटला होता. आणि ग्रुपवर नियम बाबलचाच: जितकी खोकी हवी, तितके चौकोन टाका.

माझ्या परसात कलम एकच, त्यालाही यंदा मोहोर नाही. हिने आतूनच कपाळावर हात मारला.

मग मी बाबलला सगळं समजावलं. पार्थियन राजे, त्यांचे शिलालेख, एकूण एक. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि पहिलं खोकं उतरवलं.

"म्हणजे निरोप दोन हजार वर्सां जुनो," तो म्हणाला, "पण माल येळेर इलो मा?"