शिवलेला टायर आणि नूरभाईंची थुंकी

सांगते, पण हसायचं नाही. परवा सकाळी झरीच्या रस्त्यावर माझ्या रेसिंग सायकलचं पुढचं चाक बसलं. बाभळीचा काटाच असणार, असा माझा ठाम निष्कर्ष. या टायरमध्ये ट्यूब आत घालून तो शिवलेला असतो, त्यामुळे पंक्चर काढायचं तर शिवण उसवावी लागते. दुसरा टायर जवळ नव्हता आणि अकरा वाजता परभणीत माझ्या विद्यार्थिनीची पीएच.डी.ची तोंडी परीक्षा होती, मार्गदर्शक मीच.

फाट्यावरच्या पंक्चरवाल्या नूरभाईंना मी टायरची रचना कागदावर आकृती काढून समजावली.

"म्हणजे फाडू म्हणायलाव का?"

"फाडायचं नाही. एका बाजूने शिवण उसवायची."

"उसवतो. पण मागून शिवणार कोण? मी काय शिंपी हाय?"

"ते मी पाहीन. तुम्ही ब्लेड घ्या."

त्यांनी ब्लेड घेतलं, क्षणभर थांबले, बोटावर थुंकी घेतली आणि वॉल्व्हच्या तोंडाला लावली.

"अहो, हे काय करताय?"

"जरा दम धरा, मॅडम."

थुंकीचा टपोरा बुडबुडा आला आणि फुटला. नूरभाईंनी पकडीने वॉल्व्हची ढिली सुई अर्धा वळसा आवळली. माझ्याच पंपाने हवा भरली, पुन्हा थुंकी लावली. बुडबुडा नाही.

"पंक्चर न्हाईच. तुमच्या कागदावर वालच न्हवता काढलेला."

इतका मोठा सुटकेचा श्वास मी स्वतःच्या तोंडी परीक्षेनंतरही सोडला नव्हता. घड्याळ पाहिलं, सायकल वळवली आणि मागचं चाक त्यांच्यापुढे धरलं.

"यालाही लावा."