सरकारी रोही

...आणि म्हणे पट्ट्याची बॅटरी तपासा! अहो, बॅटरी उत्तम, एरियल उत्तम, माझे कानसुद्धा उत्तम आहेत. हलत नाही तो रोही! तुम्हाला सांगते, जूनपर्यंत प्रबंध दिला नाही तर माझी नोंदणी रद्द, आणि जंगली रोही, म्हणजे तुमची नीलगाय हो, किती भटकतो हे शोधायला हिवाळाभर बुटीबोरीपलीकडे जीप दामटली आणि मी काय शोधलं? तर तो भटकतच नाही! आणि पट्टा एकच होता हो!

परदेशातून मागवलेला, कस्टममधून वर्षाने सुटलेला रेडिओचा पट्टा. जनावरांच्या डॉक्टरांनी गुंगीची सुई मारली, घोड्याएवढा नर आडवा झाला, डोळ्यांवर फडकं, गळ्यात पट्टा... सगळं शास्त्रोक्त! तो उठला, अंग झाडलं, आणि थेट तिथल्या देवराव शेतकऱ्यांच्या तुरीत शिरला. म्हटलं, शिरू दे. गोफणीने हाकलतील, हा पळेल, मागोमाग मी एरियल फिरवीन. कुठलं काय! दुसऱ्या दिवशी तुरीत, आठवड्याने तुरीत, संक्रांतीलाही तुरीतच!

"देवराव, अहो हाकलत का नाही?"

"काहून हाकलू बाई? सरकारी जनावर आहे थे! गयात पट्टा, संगं जीपगाडी... धोंडा मारला अन् माह्या पोराची भरती अडली तं?"

आणि त्यांची बायको मीराबाई? रोह्यापुढे घमेल्यात पाणी! "उन्हातान्हात ड्युटी करून राहिला ना बाई बिचारा!"

आता मीच काठी घेऊन हाकलावं, तर ती हालचाल त्याची की माझी? न हाकलावं, तर ते बसणं त्याचं की गावाचं? माझे मार्गदर्शक मनोहरराव सर म्हणतात, "मग दुसऱ्या रोह्याला बांधा." कशाने बांधू? पट्टा एकच! तो काढायला पुन्हा सुई घेऊन गेलो, तर अख्खं गाव आडवं आलं: "सस्पेंड करून राहिले का त्याले? चुकी तं सांगा त्याची!"

काल देवराव स्वतः नागपुरात, प्रयोगशाळेच्या दारात! हातात रोह्याने उरवलेल्या तुरीच्या शेंगा. मला वाटलं, आली तक्रार एकदाची... आता तरी हाकलतील!

"बाई, एक पट्टा आमच्या बैलाले द्या ना. दुसऱ्याच्या वावरात चरते, तं लोक उगाच हाकलून राहिले त्याले."

पट्टा एकच होता हो! आणि दुसरा आलाच ना, तर बैलाला नाही, रोह्याला नाही... मी माझ्याच गळ्यात घालणार आहे. "प्रबंध कुठवर आला" म्हणून निदान मला तरी कोणी हाकलणार नाही!