हिरवा जाळ

रूपराव : ...हा वितळल्या प्लास्टिकचा गोळा पाहा ना सर. श्रावणच्या झोपडीमागच्या राखेतून उचलला. आता तरी चोरीचा अर्ज लिहून देता का नाई? आजच आर्वीले ठाण्यात नेऊन देतो.

बंडोपंत : श्रावण तुमच्या शेतात किती वर्षं आहे?

रूपराव : अकरा. म्हणूनच त्याले मालूम, विहिरीवरची केबल कुठून कापाची. जाळून तांबं इकलं त्यानं.

बंडोपंत : तो काय म्हणतो?

रूपराव : म्हणते, रानडुकरं येऊ नये म्हणून ठिबकच्या जुन्या नळ्या जाळल्या. पण माह्या डोळ्यात पाहत नाई.

बंडोपंत : अकरा वर्षांनी चोर म्हटल्यावर मीही पाहिलं नसतं. केबलचा तुकडा आणलात?

रूपराव : हा. स्टार्टरपाशी वीतभर राह्यला होता. पण सर, त्याची पोरगी तुमच्या हाताखाली शिकली. त्याची बाजू नका घेऊ.

बंडोपंत : म्हणून तर तुमच्यासमोर जाळून तपासतो. शाळेत विज्ञान शिकवणं सोडून चौदा वर्षं झाली, चुकेनही. ती खिडकी उघडा, हा धूर वाईट असतो. आधी राखेतला गोळा.

रूपराव : मेणबत्तीसारखा वास येऊन राह्यला.

बंडोपंत : आणि थेंब थेंब गळतोय. ठिबकची नळी अशीच जळते. आता तांब्याची तार लाल करून गोळ्याला टेकवतो, पुन्हा गॅसवर धरतो. जाळाचा रंग बदलला?

रूपराव : काईच नाई.

बंडोपंत : आता दुसरी तार, आणि तुमच्या केबलचं साल. हे पीव्हीसी. यात क्लोरीन असतं; तांब्यासोबत तापलं की ते लपत नाही.

रूपराव : नाकाले झोंबते हे.

बंडोपंत : जाळ पाहा.

(रूपराव जाळाजवळ वाकतो.)

बंडोपंत : रंग सांगा, रूपराव. मला माझ्या डोळ्यांचा भरवसा नाही.

रूपराव : हिरवा.

बंडोपंत : तो क्लोरीनचा रंग. मग श्रावणच्या राखेत तुमची केबल नव्हती. निदान या गोळ्यात तरी नाही. याहून जास्त मी सांगू शकत नाही.

रूपराव : कैलासच्या खळ्यात होती.

बंडोपंत : तुमच्या भावाच्या?

रूपराव : परवा सांजेले असाच हिरवा जाळ पाह्यला मी तिथं. इचारलं, तं म्हणे कचरा जाळून राह्यलो. श्रावणचं नाव त्यानंच घेतलं, मंग.

बंडोपंत : अर्ज लिहू?

रूपराव : श्रावण बाहेर बसला हाय, गाडीपाशी. ठाण्यात न्याले आणला म्या त्याले.

बंडोपंत : आत बोलवा की.

रूपराव : बोलावतो. आधी तो गॅस बंद करा, सर.